अ‍ॅलेक रीव्ह्ज आणि मुदत संपलेले पेटंट

पीसीएम ही तीन अक्षरे मी प्रथम ऐकली ती कोणत्याही पुस्तकात नव्हे, तर रस्त्याच्या कडेला खणलेल्या चरात. त्या वेळी मला विसावे वर्षही लागले नव्हते आणि टेलिफोनच्या केबलसाठी चर खणणाऱ्या रोजंदारीच्या टोळीत मी काम करीत होतो. आमच्याबरोबर जे केबल-जॉइंटर असत त्यांना आम्ही सगळे मामा म्हणत असू. ताडपत्रीखाली बसून शेकडो तांब्याच्या तारांतून नेमकी हवी ती जोडी ते रंगावरून ओळखून काढीत. एके दिवशी वेगळ्या बांधलेल्या दोन जोड्या दाखवून ते म्हणाले, "यांना हात लावू नकोस. या पीसीएमच्या आहेत. यांच्यावर एका वेळी तीस माणसे बोलतात." मी विचारले, "मामा, तीस माणसे एकदम बोलली तर गलका कसा होत नाही?" मामा म्हणाले, "होत नाही येवढे खरे. का होत नाही ते साहेबांना विचार." साहेबांना विचारण्याची माझी प्राज्ञा नव्हती. पुढे युनियनच्या कामात पडलो, सार्वजनिक वाचनालयात रात्री बसून इंग्रजी कोशाच्या आधाराने चार पुस्तके वाचू लागलो, तेव्हा त्या प्रश्नाचे उत्तर सापडले. आणि ते उत्तर ज्याने शोधले त्या माणसाची हकीकतही सापडली.

हा माणूस म्हणजे अ‍ॅलेक हार्ली रीव्ह्ज. जन्म १० मार्च १९०२, इंग्लंडच्या सरे परगण्यातील रेडहिल या गावी. लंडनमध्ये इंजिनियरिंगचे शिक्षण पुरे करून १९२३ साली तो इंटरनॅशनल वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत नोकरीस लागला. दोन वर्षांनी, १९२५ साली, वेस्टर्न इलेक्ट्रिकने आपला युरोपातील कारभार आय.टी.टी. या अमेरिकन कंपनीला विकला. कारखाना विकला जातो तेव्हा यंत्रांबरोबर माणसेही नव्या धन्याकडे जातात, हे आम्हा कामगारांना वेगळे सांगायला नको. त्याप्रमाणे रीव्ह्जही गेला आणि आय.टी.टी.च्या पॅरिस येथील प्रयोगशाळेत बिनतारी टेलिफोनचे काम करू लागला.

त्या काळच्या टेलिफोनपुढील अडचण नीट समजून घेतली पाहिजे, नाही तर पुढचे सगळे वाया जाईल. तारेतून आवाज दूर जाऊ लागला की तो क्षीण होतो, म्हणून वाटेत ठिकठिकाणी तो पुन्हा मोठा करावा लागतो. या ठाण्याला आम्ही रिपीटर म्हणतो. परंतु तारेत बोलण्याबरोबर खरखरही शिरते, आणि रिपीटर बिचारा आंधळा. तो बोलणे मोठे करतो तशी खरखरही मोठी करतो. पुढच्या टप्प्यात नवी खरखर मिळते, तीही मोठी होते. डागाळलेल्या पोथीचे छायाचित्र घ्यावे, त्या छायाचित्राचे पुन्हा छायाचित्र घ्यावे, असे दहादा केले तर शेवटी अक्षर कोणते आणि डाग कोणता हे कळेनासे होते, तसाच हा प्रकार. पण तीच पोथी नक्कल करणाऱ्या लेखकाच्या हाती दिली तर? तो डाग पाहत नाही, अक्षर वाचतो. अर्धवट पुसलेला 'क' त्याला ओळखता आला की तो कोऱ्या कागदावर स्वच्छ 'क' लिहितो. दहावी नक्कलही पहिलीइतकीच स्वच्छ निघते.

१९३७ साली रीव्ह्जच्या ध्यानात आले ते हेच. आवाज जर अक्षरांत लिहिता आला तर रिपीटरला लेखक करता येईल. आणि अक्षरे तरी किती हवीत? दोनच. विजेचा ठोका आहे किंवा नाही. खरखर कितीही असली तरी 'आहे' की 'नाही' येवढे ओळखणे सोपे असते. तारायंत्राने, म्हणजे मोर्सच्या कट्ट-कडकट्टने, हे काम शंभर वर्षे केलेच होते. पण मनुष्याचा आवाज हा चढत-उतरत जाणारा, सलग. तो ठोक्यांत लिहायचा कसा?

रीव्ह्जची रीत अशी. आवाजाची उंची सेकंदाला ६,००० वेळा मोजायची. प्रत्येक मोजणीच्या वेळी एक विजेचा दाब शून्यापासून एकसारखा चढू लागतो, आणि तो आवाजाच्या उंचीला टेकला की थांबतो. आवाज मोठा असेल तर चढायला वेळ अधिक, लहान असेल तर कमी. म्हणजे उंचीचे झाले वेळेत रूपांतर. आता तो वेळ मोजायला एक घड्याळ हवे. सेकंदाला ६,००,००० ठोके देणारे घड्याळ त्याने घेतले, आणि चढाईच्या वेळात त्याचे किती ठोके पडले ते मोजणारे एक मंडल लावले. हे ठोके जास्तीत जास्त ३१. आपल्या एका हाताची पाच बोटे मिटायची किंवा उघडायची, असे ठरवले तर शून्यापासून ३१ पर्यंत ३२ आकडे दाखवता येतात. वाचकांनी घरी करून पाहावे. रीव्ह्जच्या मोजणी-मंडलाला अशीच पाच बोटे होती. पाच 'आहे-नाही' तारेवर पाठवायचे, पलीकडच्या टोकाला त्यावरून पुन्हा उंची उभारायची, की झाला आवाज. आणि दोन मोजण्यांच्या मधल्या रिकाम्या वेळात दुसऱ्या संभाषणाचे ठोके पाठवता येतात, तिसऱ्याचे, चौथ्याचे. मामांच्या तीस माणसांचा गलका का होत नाही, याचे उत्तर येवढेच की ती तीस माणसे एकदम बोलतच नाहीत. प्रत्येकाला आपली पाळी आहे, फक्त ती सेकंदाला हजारो वेळा येते. आज प्रचलित मापाने ८,००० वेळा, आणि पाचाऐवजी आठ बोटे.

हे मोजणीचे मंडल काही रीव्ह्जच्या डोक्यातून आकाशातून पडल्यासारखे पडलेले नाही. दोन व्हॉल्व्ह एकमेकांना असे जोडायचे की एक चालू असेल तर दुसरा बंद राहावा आणि धक्का दिला की अदलाबदल व्हावी, ही युक्ती ईक्लस आणि जॉर्डन या दोघा इंग्रजांनी १९१८ सालीच पेटंटसाठी नोंदवली होती. केंब्रिजच्या कॅव्हेंडिश प्रयोगशाळेत विन-विल्यम्सने १९३०च्या सुमारास अणूंतून सुटणारे कण मोजण्यासाठी दोन-दोनने मोजणारी मंडले बांधली होती. रीव्ह्जने ही हत्यारे आवाजाच्या कामी लावली. ध्यानात घ्या, इलेक्ट्रॉनिक संगणक त्या वेळी कोठेही चालू नव्हता. आज प्रत्येक संगणकात आणि खिशातल्या प्रत्येक टेलिफोनमध्ये सलग जगाचे आकड्यांत भाषांतर करणारे एक मंडल बसलेले असते. त्याच्या पूर्वजांत रीव्ह्जचा हा आराखडा मोडतो.

त्याने फ्रान्समध्ये ३ ऑक्टोबर १९३८ रोजी पेटंटसाठी अर्ज दिला. अमेरिकन पेटंट ३ फेब्रुवारी १९४२ रोजी मिळाले, क्रमांक २२,७२,०७०. त्यावर शोधक म्हणून नाव रीव्ह्जचे आहे, आणि हक्क सोपवलेली आहे ती इंटरनॅशनल स्टँडर्ड इलेक्ट्रिक कॉर्पोरेशन, म्हणजे आय.टी.टी.चीच एक शाखा.

येथे एका विसरलेल्या माणसाचे नाव घेतले पाहिजे. अमेरिकेत वेस्टर्न इलेक्ट्रिकच्याच नोकरीत असलेल्या पॉल रेनी नावाच्या इंजिनियरने १९२१ साली छायाचित्रे तारेने पाठवण्याची एक युक्ती पेटंटसाठी दिली आणि ते पेटंट १९२६ साली मिळाले. तिच्यात चित्रातून येणाऱ्या प्रकाशाच्या बळाप्रमाणे एक आरसा हलतो, त्यावरून परावर्तित झालेला किरण ३२ प्रकाशघटांपैकी एकावर पडतो आणि त्याप्रमाणे पाच 'आहे-नाही'चा संकेत तारेवर जातो. म्हणजे मूळ कल्पना तीच, बारा वर्षे आधी, आणि ज्या कंपनीत रीव्ह्ज १९२३ साली लागला तिच्याच मोठ्या घरातली! रीव्ह्जला तिचा पत्ता नव्हता. रेनीचे पेटंट फायलीत झोपले होते, ते रीव्ह्जच्याही नंतर पुष्कळ वर्षांनी लोकांच्या ध्यानात आले. पेटंट देताना सरकार जी अट घालते ती अशी की शोध जगापुढे उघडा करा, त्या बदल्यात काही वर्षांची मक्तेदारी घ्या. पण उघडा केलेला शोध कोणी वाचला नाही तर तो उघडा काय आणि झाकलेला काय.

रीव्ह्जच्या शोधाचेही तसेच व्हायचे होते, कारण त्याचे यंत्र बांधायला इतके व्हॉल्व्ह लागत की टेलिफोनच्या कोणत्याही कंपनीला तो खर्च परवडला नसता. तेवढ्यात महायुद्ध आले. जर्मन फौजा १४ जून १९४० रोजी पॅरिसमध्ये शिरल्या, त्याच धामधुमीत रीव्ह्ज निसटून इंग्लंडला पोहोचला. तो मनाने शांततावादी होता. माणसे मारण्याची साधने करणे त्याला रुचत नव्हते. तरी त्याच्या हातून जे झाले ते 'ओबो' नावाचे विमानांना वाट दाखवणारे यंत्र. फ्रँक जोन्स या सहकाऱ्याबरोबर त्याने ते उभे केले. इंग्लंडच्या किनाऱ्यावरची दोन ठाणी विमानाकडे ठोके पाठवीत आणि विमानातून ते परत येण्यास किती वेळ लागला यावरून अंतर मोजीत. एक ठाणे विमानाला ठरीव अंतरावरच्या कमानीवर धरून ठेवी, दुसरे बॉम्ब सोडण्याचा क्षण सांगे. वैमानिकाच्या कानात जो सूर वाजे तो ओबो या वाद्यासारखा, म्हणून हे नाव. डिसेंबर १९४२ मध्ये ते प्रथम वापरले गेले. नेम अचूक असेल तर भलतीकडे बॉम्ब पडून निरपराध माणसे कमी मरतील, असे रीव्ह्ज स्वतःच्या मनाला समजावीत होता. मला हे समर्थन पटत नाही. मार्च १९४३ मध्ये ओबोच्या खुणेवर एसेन शहरावर जो मारा झाला त्यात क्रुपचा कारखाना जळला, आणि त्याच्याभोवतीच्या कामगारांच्या वस्त्याही जळल्या. ओबोचा नेम चुकला नव्हता. त्या नेमामागे शेकडो विमाने येणार होती. मात्र न्यायाने हेही सांगितले पाहिजे की १९४५च्या एप्रिल-मे महिन्यांत उपासमारीने गांजलेल्या हॉलंडवर विमानांतून अन्नाची पोती टाकली गेली, तेव्हा ती कोठे टाकायची याची खूणही ओबोनेच केली.

युद्धातच आवाजाचे ठोके करण्याची पद्धत अमेरिकेत बेल प्रयोगशाळेने वॉशिंग्टन-लंडन गुप्त संभाषणासाठी वापरली. १९४३ साली सुरू झालेले ते यंत्र सुमारे पन्नास टनांचे होते! पुढे डिसेंबर १९४७ मध्ये त्याच प्रयोगशाळेत ट्रान्झिस्टर जन्माला आला, तेव्हा कोठे रीव्ह्जच्या मंडलांना परवडणारे शरीर मिळण्याची आशा दिसू लागली. ट्रान्झिस्टर स्वस्त आणि भरवशाचे व्हायला आणखी दहा-बारा वर्षे लागली. बेल कंपनीने शिकागोच्या परिसरात २४ संभाषणांची पहिली व्यापारी पीसीएम यंत्रणा सुरू केली ती १९६२ साली.

आता हिशेब करा. अमेरिकेत त्या काळी पेटंटची मुदत मिळाल्या दिवसापासून सतरा वर्षे. १९४२ मध्ये सतरा मिळवा. ३ फेब्रुवारी १९५९ रोजी मुदत संपली. जगभरच्या टेलिफोन कंपन्यांनी ज्या पद्धतीवर पुढे अब्जावधी कमावले, तिच्यावर रीव्ह्जच्या कंपनीचा हक्क दुकान उघडण्यापूर्वीच संपला होता. आय.टी.टी.ला त्यातून फारसे काही मिळाले नाही. आणि रीव्ह्जला? तो पगारी नोकर. मुदत शिल्लक असती तरी मोठा पैसा त्याच्या घरी गेलाच असता असे मानायला मला आधार सापडत नाही.

हे लिहिताना मला एका कारखान्यातला फिटर आठवतो. कारखान्याचे नाव मी सांगत नाही. तेथे एक भाग पकडून छिद्र पाडायला जो वेळ लागे तो या गृहस्थाने स्वतः घडवलेल्या एका पकडीने निम्म्यावर आणला. सूचनापेटीत त्याने आराखडा टाकला. गेटवर सत्कार झाला, शाल मिळाली, अडीचशे रुपये मिळाले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. दोन महिन्यांनी हातात घड्याळ घेऊन साहेब आले आणि त्या कामाचा वेळ नव्याने बांधून गेले. त्याच्या पाळीतल्या बाकीच्या कामगारांना त्याच पगारात दुप्पट नग काढावे लागू लागले, आणि ते त्याच्याशी बोलेनासे झाले. ही तक्रार घेऊन तो माझ्याकडे आला तेव्हा त्याचे म्हणणे पैशाचे नव्हतेच. तो म्हणत होता, "साहेब, माझी चूक काय झाली ते सांगा." मी व्यवस्थापनाशी भांडलो, वेळेचे माप थोडे सैल करून घेतले, पण त्या प्रश्नाला मी नीट उत्तर देऊ शकलो नाही.

विलायतेत याची थोडीफार दखल कायद्याने घेतली. १९७७च्या पेटंट कायद्यात नोकराच्या शोधातून मालकाला असाधारण लाभ झाला तर नोकराला योग्य वाटा मागता येईल अशी कलमे घातली गेली. त्या कलमांखाली इयन शँक्स या शास्त्रज्ञाने युनिलिव्हरशी वर्षानुवर्षे दावा लढवला आणि २०१९ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने त्याला वीस लाख पौंड देवविले. आपल्या १९७०च्या पेटंट कायद्यात शोधकाचे नाव पेटंटवर यावे अशी तरतूद आहे, मात्र नोकराच्या वाट्याबद्दल त्यात कलम नाही. ते करारावर सोडले आहे. आणि नोकरीच्या अर्जावर सही करताना करार वाचून पाहणारा इंजिनियर मला अजून भेटायचा आहे.

असो. रीव्ह्जकडे परत येऊ. युद्धानंतर तो आय.टी.टी.च्याच इंग्लंडमधील स्टँडर्ड टेलिकम्युनिकेशन लॅबोरेटरीजमध्ये काम करीत राहिला. ही प्रयोगशाळा पुढे हार्लो येथे गेली. १९६० साली लेसर निघाला. रीव्ह्जला त्यात आपल्या जुन्या शोधाचा खरा रस्ता दिसला. आवाजाचे बारीक चढउतार प्रकाशाने जसेच्या तसे वाहून नेणे अवघड, पण 'आहे' आणि 'नाही' हे तर दिव्याचे जन्मजात काम! प्रकाशाची कंपने इतकी जलद की ठोक्यांची गर्दी कितीही झाली तरी त्याला जागा कमी पडायची नाही. टेलिफोनच्या दुनियेतील बडी मंडळी त्या वेळी पोकळ धातूच्या नळ्यांतून सूक्ष्मलहरी पाठवण्याच्या मागे होती. रीव्ह्जने आपल्या प्रयोगशाळेत प्रकाशाचा पक्ष धरला. तेथे कारबोविआक या शास्त्रज्ञाच्या हाताखाली एक लहान गट काम करू लागला आणि तो १९६४ साली ऑस्ट्रेलियाला गेल्यावर सूत्रे चार्ल्स काओ या शांघायमध्ये जन्मलेल्या तरुण इंजिनियरकडे आली.

त्या काळी उत्तम काचतंतूतही वीस मीटर गेल्यावर प्रकाश शंभरातला एक भाग उरे. काओ आणि त्याचा सहकारी जॉर्ज हॉकहॅम यांनी जुलै १९६६ मध्ये निबंध प्रसिद्ध करून सांगितले की दोष काचेचा नाही, काचेतल्या लोखंडासारख्या अशुद्ध द्रव्यांचा आहे. ती काढा, आणि एका किलोमीटरला शंभरातला एक भाग उरू द्या, की टेलिफोन चालेल. अमेरिकेतील कॉर्निंग या काचेच्या कंपनीत मॉरर, केक आणि शुल्ट्झ या तिघांनी १९७० साली ती मर्यादा ओलांडणारा तंतू काढून दाखवला आणि त्याची पेटंटे कॉर्निंगने घेतली. पुढे कॉर्निंगने १९७६ साली आय.टी.टी.वरच पेटंटभंगाचा दावा लावला, तो १९८१ साली तडजोडीने मिटला. जिच्या प्रयोगशाळेत काचेच्या रस्त्याचा नकाशा निघाला त्या कंपनीला तो रस्ता वापरण्याबद्दल दुसरीच्या दारात उभे राहावे लागले. पेटंट कल्पना सुचली कोणाला हे विचारीत नाही, अर्जात नेमके काय मागितले आहे येवढेच पाहते.

रीव्ह्जने हे पाहिले नाही. १३ ऑक्टोबर १९७१ रोजी तो वारला. त्याला मान मिळाला नाही असे म्हणता येणार नाही. फ्रँकलिन इन्स्टिट्यूटचे बॅलंटाइन पदक १९६५ साली मिळाले, १९६९ साली सरकारने सी.बी.ई. किताब दिला आणि त्याच वर्षी ब्रिटिश टपालखात्याने पीसीएमवर एक तिकीटही काढले. फावल्या वेळात तो तुरुंगातून सुटलेल्यांना पायावर उभे करण्याच्या कामात गुंतलेला असे. परलोकविद्येचाही त्याला नाद होता, तो मला समजत नाही आणि त्याबद्दल मी बोलत नाही. काओला २००९ साली नोबेल पारितोषिकाचा अर्धा भाग मिळाला. तोवर स्मृतिभ्रंशाने त्याला ग्रासले होते, म्हणून व्याख्यान पत्नीने दिले. हॉकहॅमचे नाव पारितोषिकात नव्हते.

आपल्याकडे पीसीएम आले ते १९७५ साली, मुंबई शहर आणि अंधेरी या एक्स्चेंजांच्या दरम्यान. आणि भारताच्या टेलिफोन जाळ्यात स्थानिक एक्स्चेंजांना जोडणारी पहिली प्रकाशतंतूची वाहिनी टाकली गेली ती १९७९ साली, पुण्यात. रीव्ह्जच्या दोन्ही कल्पनांनी या देशात पहिले पाऊल ठेवले ते असे महाराष्ट्रात. ज्या खात्याने त्या उभारल्या त्याच्या इतिहासात वर्षे आहेत, एक्स्चेंजांची नावे आहेत. चर कोणी खणले, केबल कोणी ओढली, जोड कोणी दिले, ही नावे मस्टरवर असतील, आणि जुनी मस्टरे जपून ठेवण्याची आपल्याकडे रीत नाही.

आमच्या जॉइंटरमामांना पन्नाशी उलटल्यावर काचेचे तंतू जोडायला शिकावे लागले. ज्या माणसाची सगळी विद्या तारांचे रंग ओळखणाऱ्या डोळ्यांत आणि बोटांत होती, त्याला केसासारखा तंतू यंत्रात धरून वितळवून सांधायचा होता. पहिले काही महिने ते फार वैतागलेले असत. मग हात बसला. निवृत्तीच्या समारंभानंतर मी त्यांना घरी सोडायला गेलो तेव्हा चरातला तो जुना प्रश्न काढला आणि सापडलेले उत्तर पाच बोटे उघडमीट करून दाखवले. त्यांनी स्वतः एकवीसपर्यंत मोजून पाहिले, मध्ये चुकले, पुन्हा मोजले. मग त्या इंग्रजाचे नाव दोनदा विचारून घेतले आणि सत्कारात मिळालेल्या नव्या डायरीच्या पहिल्या पानावर, आपल्या नावाखाली, लिहून ठेवले.